पंचवीस मीटरच्या तलावाबाबत

आदरणीय दाजी,

नमस्कार. आपल्याला तूर्त वाकता येत नाही, तेव्हा उलट नमस्काराची अपेक्षा नाही.

हे पत्र आपण ज्या आरामखुर्चीत बसून वाचत असाल ती मी केलेली आहे. (डुगडुगत असेल तर दोष फरशीचा, मी पाणसळ लावून खात्री केली आहे.) पाय ठेवला असेल ते स्टूल, औषधांचं कपाट, ताईच्या ओट्याखालचे दोन खण, गच्चीवरच्या टाकीचं झाकण, आणि शाळेत म्हणाल तर अठ्ठेचाळीस बाकं, प्रयोगशाळेतली चार बेसिनं, पोहण्याच्या तलावाची पंपखोली, त्यातली गाळणी आणि तलावाच्या दोन्ही टोकांच्या भिंतींवरच्या टाइल, हे सगळं या दोन हातांचं. कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता. बढाई म्हणून सांगत नाही, पण विषय तलावाचा आहे आणि तो कोणी सांभाळलाय हे आपल्यासमोर असलेलं बरं.

गुडघा कसा आहे? ताई फोनवर "बरा आहे" म्हणाली. त्यातून काहीच बोध होत नाही. किती अंशांत वाकतो ते कळवावं.

आता मुद्दा. शुक्रवारी शाळा समितीची सभा आहे आणि अध्यक्ष म्हणून आपण कुबड्या घेऊन का होईना, येणार आहात. विषय दोन आहेत. पहिला, तलाव बुजवून तिथे गाड्या लावायची जागा करणं. दुसरा, त्याच तलावात हायस्कूलचा पोहण्याचा संघ सुरू करणं. दोन्ही एकदम जमणं अवघड आहे. माझ्या चौकशीप्रमाणे मतं दोन-दोन आहेत. पाचवं आपलं.

शाळेत चारशे बारा मुलं आहेत. मैदानावरच्या सगळ्या संघांत मिळून छत्तीस जणांची सोय होते. उरलेली तीनशे शहात्तर कडेला बसून टाळ्या वाजवतात. (मी मोजलं आहे. त्यांतली साठेक टाळ्याही वाजवत नाहीत.) पाण्यात बुटका, जाड, चष्मेवाला असा भेद राहत नाही, चष्मा काढूनच ठेवावा लागतो. शिवाय तलाव आयता आहे, पाणी आयतं आहे, ते स्वच्छ ठेवणारा माणूसही आयता आहे. गेल्या सात वर्षांत त्या तलावाचा उपयोग झाडांना पाणी घालणं आणि नाटकाचे पडदे भिजवणं एवढाच झाला. याला काय म्हणावं ते आपणच ठरवा, मी म्हटलं तर कडू वाटेल.

आपण दवाखान्यात होता म्हणून परवाच्या शनिवारचं प्रात्यक्षिक आपल्याला पाहता आलं नाही. ते असं झालं. मी आठ मुलं निवडली आणि समितीच्या सभासदांसाठी खुर्च्या काठापासून दोन मीटरवर मांडल्या. खजिनदारांना तिथून दिसेना, म्हणून त्यांनी आपली खुर्ची दीड मीटर पुढे ओढली. तेव्हा पहिल्या उडीला ते भिजले, तो दोष मांडणीचा नव्हे. शिट्टी पीटीच्या सरांकडे होती. सरांना पाण्याची धास्ती आहे (त्यांनी ती कुणाला सांगितलेली नाही, मलाही नाही, पण ते तलावाकडे पाठ करून शिट्टी वाजवतात), त्यामुळे पहिली दोन उड्डाणं शिट्टीच्या आधीच झाली. खजिनदारांची एक चप्पल तरंगत गाळणीच्या तोंडाशी गेली. मी गाळणीला जाळी बसवलेली असल्यामुळे चप्पल आणि गाळणी दोन्ही वाचल्या, हे सभेत नोंदवावं.

आणि मग आपली भाची, म्हणजे माझी मुलगी, उतरली. पन्नास मीटर, म्हणजे दोन फेऱ्या. मी तीन घड्याळं लावली होती आणि मधला आकडा धरला: तेहतीस सेकंद आणि वर पस्तीस शतांश. दाजी, आंतरशालेय विक्रम तेहतीस आणि चाळीस शतांशांचा आहे. पाच शतांशांनी विक्रम मोडला! ओले खजिनदारसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, हातात घड्याळं होती.

तेव्हा कारणं आपल्यासमोर आहेत. तलाव पंचवीस मीटरचा, म्हणजे स्पर्धेच्या मापाचा आहे, आणि त्यात विक्रम मोडणारी मुलगी आपल्याच घरातली आहे. योग्य ते करालच. ताईला नमस्कार.

आपला,
मेव्हणा

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. "पंचवीस मीटर" लिहिताना हात अडखळला होता. तो आकडा देणगीदारांच्या दगडी पाटीवरचा आहे, आणि दुसऱ्याने सांगितलेलं माप मी आजवर कधी लिहिलेलं नाही. म्हणून आज सकाळी स्टीलचा टेप घेऊन गेलो. दुसरं टोक आपल्या मेव्हण्याच्या बायकोने धरलं. चोवीस मीटर चौऱ्याण्णव सेंटिमीटर. टोकं बदलून पाहिलं, तेवढंच. तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा ती पलीकडून ओरडली, "अहो, टेप तुमचा, टाइल तुमच्या, भिंत तुम्ही जाड केलीत. चूक काय मी धरलेल्या टोकात सापडणार आहे?"

ता. क. २. ती म्हणते ते खरं आहे. सात वर्षांपूर्वी टाइल तडकल्या तेव्हा मी जुन्या न काढता त्यांच्यावरच नव्या बसवल्या. खालच्या मसाल्यासकट तीन सेंटिमीटर या भिंतीला, तीन त्या. त्या वेळी आपण काठावर उभं राहून म्हणाला होता, "जुनी काढून मग नवी लावा." आणि मी चार माणसांसमोर म्हणालो होतो, "दाजी, तुम्ही पेन धरा, थापी मला धरू द्या." आपलं बरोबर होतं. (हे वाक्य लिहायला दोन कप चहा लागला.) ताईला हे वाचून दाखवू नये. बहीण माझी असली तरी हसते आपल्या बाजूने.

ता. क. ३. हिशोब असा: दोन फेऱ्यांत बारा सेंटिमीटर कमी. तिच्या वेगाने तेवढ्याला आठ शतांश लागतात. म्हणजे खरी वेळ तेहतीस त्रेचाळीस. विक्रम मोडला नाही, तीन शतांशांनी राहिला. हे आधी तिलाच सांगितलं. केस पुसता पुसता थांबली. "म्हणजे हरले?" मी म्हटलं, "तीन शतांशांनी." टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाली, "एवढंच ना? मला रोज पोहू द्या, मी काढते. आतोबांना सांगा." म्हणून सांगतोय. वर दिलेल्या सगळ्या कारणांत मला स्वतःला पटलेलं कारण हेच.

ता. क. ४. तर खरी विनंती. विक्रमाची बातमी समितीने ऐकली आहे, ती सभेत मीच उभा राहून मागे घेणार. मतं त्यानंतर घ्यावीत. दोन्ही भिंतींच्या टाइल मी स्वतः फोडून नव्याने लावीन. बारा दिवस लागतील, मजुरी नको. या वेळी जुन्या आधी काढीन.

ता. क. ५. गाड्यांच्या जागेचं काम घेऊ पाहणारे ठेकेदार काल पंपखोलीत आले होते. तलाव झिरपतो एवढं माझ्या सहीने हवं होतं, म्हणजे मग सभेत कोणी लांबी विचारणार नाही, संघ विचारणार नाही, माझ्या टाइलही विचारणार नाही. सात वर्षांत त्यातून एक थेंब बाहेर गेलेला नाही. तलाव सहा सेंटिमीटर आखूड आहे हे मी आपल्याला फुकट लिहून देतोय. झिरपतो असं लिहून द्यायचे ते साठ हजार देत होते.