मालनचे केस, हळदीपर्यंत

२८ डिसेंबर

नाही म्हणजे नाही! कात्री लावू देणार नाही मी!

परवा मालन मासळी बाजारात ओल्या लादीवरून घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर, सहा आठवडे. आज सूनबाई श्वेता म्हणाली, "मम्मी, खांद्यापर्यंत कापून टाकूया ना. मी आठला ऑफिसला निघते, तुमची वेणी कोण घालणार?" आणि मालन चक्क म्हणाली, "काप गो बाय. मान पन दुखते."

गुडघ्याला टेकणारे केस! आमच्या लग्नात सगळा वेसावा गाव तिच्या अंबाड्याकडे बघत होता. माझ्या तोंडून निघून गेलं — मी घालीन वेणी!

मग मालन इतकी हसली की प्लास्टर पोटाशी धरून बसली. "तू? बरं. अल्पेशच्या हलदीपर्यंत घाल. मंग मी बोलेन तसा."

अल्पेश माझ्या बहिणीचा, पुतळाबाईचा मुलगा. हळद तीन फेब्रुवारीला. मालन त्याची मामी, त्या दिवशी तिच्या डोक्यात आईचं सोन्याचं फूल हवंच, आणि ते फूल अंबाड्याशिवाय टिकत नाही. ठरलं! जन्मभर जाळी विणली, तीन पदरांची वेणी ती काय!

२९ डिसेंबर

नाही जमली. गाठोडं झालं.

३१ डिसेंबर

तेल थिजलं! बाटली उलटी केली तरी थेंब पडेना. वाटी सरळ गॅसवर ठेवली, तर मालन आतून ओरडली, "माजं डोकं तलतंस काय रं?" तिनेच सांगितलं — टोपात गरम पाणी घ्यायचं, त्यात बाटली उभी करायची, तेल हाताला कोमट लागलं की बस.

केसांत कोंडा झालाय, टोकं काथ्यासारखी कोरडी. पहाटेचा मतलई वारा! थंडीत हा जमिनीवरचा वारा सुटला की होडीवर आमचे ओठ फुटतात हे मला ठाऊक होतं. केसांचंही तेच होतं हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नाही. की सांगितलं असेल?

बोटांच्या टोकांनी लावलं, नखं लागू न देता. थोड्या वेळाने बघतो तर मालन बसल्या बसल्या झोपली होती. मी हललोच नाही. भारी वाटलं!

४ जानेवारी

आज न्हाणं. शिकेकाई मीच उकळली. नंतर गच्चीवर गेलो. एका वलांडीवर, मासळी टांगायच्या दोरांच्या चौकटीवर, बोंबील सुकायला घातले होते, शेजारची रिकामी होती. म्हटलं झकास, ऊन आहे, वारा आहे! मालनला खुर्चीवर बसवलं आणि केस पाठीमागे वलांडीच्या दोरीवर पसरून घातले.

"मी काय बोंबील हाय?"

खालून पोरं फोटो काढायला लागली. श्वेता धावत वर आली. "पप्पा, आधीच केस कोरडे आहेत, या उन्हाने वाट लागेल!" मग तिने दाखवलं. जुनं सुती लुगडं घ्यायचं, केस त्यात नुसते दाबायचे, घासायचे नाहीत. सावलीत बसवायचं. पाणी कोमटच, कढत नाही. ओल्या केसांत फणी घालायचीच नाही.

लक्षात ठेवलं सगळं. मालनच्या केसांना मात्र अजून बोंबलाचा वास येतोय. ती म्हणते, येऊ दे, आपलाच हाय.

९ जानेवारी

अरे देवा.

काल पहिल्यांदा वेणी सरळ उतरली. अगदी खालपर्यंत! आनंदाच्या भरात रबर सापडेना, म्हणून जाळ्याचा नायलॉनचा दोरा घेतला आणि शेंड्याला गाठ मारली. हाताला सवय ना — जाळ्याचीच गाठ बसली. सुटायची नाही म्हणूनच जी आम्ही मारतो, ओढ बसेल तशी जी आवळते, ती! मालन रात्रभर कूस बदलत होती. सकाळी गाठ गोटीसारखी. तेल लावलं, सुई घातली, दातांनी धरली. आमचा मुलगा देवेश म्हणाला, "पप्पा, ही तुम्ही मला शिकवलेली गाठ. सुटणार नाही."

शेवटी श्वेताने कात्री आणली. चार बोटं केस गेले. माझ्याच हाताने!

मालनने शेंडा चाचपून बघितला. "जाऊं दे रं. तेवडंच हलकं." मला बरं वाटावं म्हणून बोलली बिचारी.

१० जानेवारी

जेवण गोड लागलं नाही. मालन मात्र दिवसभर गाणं गुणगुणत होती.

१६ जानेवारी

हरायचं नाही! खिडकीच्या गजाला तीन दोर बांधून सराव चालू. धक्क्यावरचे सगळे येता-जाता विचारतात, "हरेश्वर, नवीन जाळं काय?" मी म्हणतो, हो, पापलेटचं.

वेणी आता मस्त जमते. खाली मऊ रिबन. पण अंबाडा! गुंडाळतो, पिना खोचतो, हात काढतो — धपकन मानेवर. पुतळाबाई आली होती, तिने सगळं बघितलं. "बायकोचा अंबारा घालतंय माजा भाव! मालन, हलदीला डोक्यावरना पदर घे गो, कोनी बघाचा नाय." आणि खो खो हसली. तिला दाखवतोच!

मालन मानेला हात लावून बसली होती. म्हटलं, दुखतंय? म्हणाली, "रोजचाच हाय." मी पुन्हा पिना खोचल्या.

२२ जानेवारी

जमला!! जमला, जमला, जमला!

संध्याकाळी होडीवर देवेश दोर वेटाळत होता, उलटा. मी ओरडलो, "अरे, पिळाच्या बाजूने फिरव, नाहीतर उसळून सुटतो!" आणि तिथेच थांबलो. मी तरी वेणी कुठल्या बाजूने फिरवत होतो? तसाच घरी पळालो. मालन कोळंबी सोलणाऱ्या श्वेताला सूचना देत बसली होती. फणी घेतली, वेणी घातली, पिळाच्या बाजूने वेटाळली. बसली! पाच पिना. डोकं हलव म्हटलं. हलवलं. नाच म्हटलं. नाचली! अंबाडा जागचा हलला नाही.

श्वेताने शिट्टी मारली. शिट्टी!

४ फेब्रुवारी

काल हळद झाली. काय सांगू!

आदल्या दिवशी तेल, सकाळी न्हाणं, सावलीत सुकवणं. कोंड्याचा कण नाही, टोकं मऊ. अंबाडा घातला, अबोलीची वेणी माळली, मधोमध आईचं सोन्याचं फूल. हिरवं लुगडं, हाताचं प्लास्टरसुद्धा हळदीने पिवळं. बँड सुरू झाला आणि मालन जी नाचली! पुतळाबाईचा अंबाडा दुसऱ्याच गाण्याला सुटला. मालनचा नाही!

ताईने मागून फिरून नीट बघितलं. मग म्हणाली, "हरेश्वर, माजा पन बसव रं." भर मांडवात, सगळ्यांसमोर बहिणीच्या केसांत पिना खोचल्या मी. लाज? अजिबात नाही!

मालनने एकदा माझ्याकडे बघितलं. लग्नात बघितलं होतं तसं.

७ फेब्रुवारी

प्लास्टर निघालं! हात बारीक झालाय, पण बोटं छान चालतात. जास्वंदाची फुलं आणलीत, खोबरेल तेलात उकळणार. ती चार बोटं भरून काढायचीत. पुढच्या थंडीपर्यंत केस पुन्हा गुडघ्याला!

मालन म्हणाली, "आज वेनी घट्ट घाल." घातली.

८ फेब्रुवारी

मालन पार्लरमधून आली. केस खांद्यापर्यंत. कालची माझी वेणी, तशीच न सोडलेली, पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"फूल एकदा मिरवाचा होता, मिरवला. लगीन झाल्यापासना मान दुखते माजी. किती येला बोलली तुला."

खरंच बोलली होती.

मग तिने बऱ्या झालेल्या हाताने टोपात गरम पाणी घेतलं, बाटली उभी केली, पाट ओढला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. "लाव. हात माजा पन हाय, पन तुजा बरा लागते."

तेल निम्मंच लागलं. बसलो मात्र पहिल्याइतकाच वेळ.