दीड मणाचा सावळा

भोर,
वैशाख वद्य पंचमी

प्रिय बाजी,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी, आणि तिन्हींत शिव्या. म्हणजे तू धडधाकट आहेस असं धरून चालतो. "कंपनी साताऱ्यात आली, बांबू उभा आहे, वर चढणारा कुठं उंडारतोय?" असं विचारलंस. उंडारत नाहीये रे, तेच तर रडगाणं आहे. एका गावात पंधरवडा काढला की माझ्या तळपायांना मुंग्या येतात, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. कल्याणला आपण नोकरी सोडली ती काय त्या मुकादमाच्या जाचानं? मुकादम बिचारा बराच होता, सुकटीची चटणी द्यायचा. तर असा मी, मार्गशीर्षापासून या भोरात बसून आहे. बसून, आणि फुगून.

होय, फुगून. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, कारण मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मी जाड झालोय बाजी. कोपरापासून वर माझा हात आता माझ्या दुसऱ्या हाताच्या पंजात मावत नाही. मांडीला मांडी घासून चट्टे उठलेत, चालताना तो ओला आवाज माझा मलाच ऐकू येतो. गळ्याभोवतीचा ताईत कापून काढावा लागला, तर खाली करकोचा पडलेला आणि त्यात काळा मळ. घोंगडीखाली मेलेलं उंदराचं पिल्लू सापडावं तशी शिसारी आली मला. आणि लोक काय म्हणतात? "वा! अंग धरलं पोरानं!" खाटीक बोकडाला बोलतो तसं.

तुझ्या सर्कशीच्या मालकानं पुण्याला माझी परीक्षा घेतली ती आठव. आपण कल्याणला सराव करायचो तसा तू बांबू खांद्यावर घेतलास, मी सरसर वर गेलो, टोकाशी पोचलो आणि एका हातावर लोंबकळायची वेळ आली तेव्हा बोटं सुटली. खाली जाळी होती म्हणून आज लिहितोय. मालक म्हणाला, "अंगानं पाखरू आहेस, पण दंडात काही नाही. दंड कमवून ये, उन्हाळ्यात साताऱ्याला. जागा तुझी." आणि तू मान हलवलीस, तुझीही जागा माझ्या येण्यावरच होती म्हणून. ते अस्वल बरं आहे का? त्याच्या नाकाला जखम होती. असो.

मला वाटलं, महिना-दोन महिने जोर काढले की झालं. भोरात आनंदराव वस्तादांची तालीम आहे. ते आईचे मावसभाऊ, म्हणून राहायची सोय. मी पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं, "मामा, मला कुस्ती नको, मल्लखांब शिकवा. दोरखंडासारखे हात पाहिजेत." वस्तादांनी माझ्या दंडाला दोरीचा तुकडा गुंडाळला, गाठ मारली, छातीला आणि मांडीला तसंच केलं आणि तिन्ही गाठींची दोरी खुंटीला टांगली. म्हणाले, "आधी पाया. मल्लखांबाचं फाल्गुनात बघू." ती दोरी म्हणजे माझं माप. दर अमावास्येला नवी गाठ जुन्या गाठीच्या पुढं सरके आणि सगळी तालीम ओरडे. सोनबा नावाचा एक उत्रोलीचा गडी आहे, तो तर माझ्या पोटऱ्या चाचपून बघायचा. त्याचे हात सदा तेलकट.

तालीम तू बघितली नाहीस, म्हणून सांगतो. हौद्यातली तांबडी माती आधी ताकानं भिजवतात, मग तेल, हळद. आठ दिवसांत ती माती आंबते. तिच्यात सगळ्यांचा घाम, सगळ्यांची थुंकी. त्यात तोंड घालून पालथं पडायचं आणि वरून दुसऱ्यानं मानेवर गुडघा द्यायचा. ही विद्या! पण मातीचंही मला काही वाटलं नसतं. खुराकाचं वाटतं. पितळी तांब्यात म्हशीचं धारोष्ण दूध, वर बोटभर तूप तरंगतंय, आणि वस्ताद समोर उभे, "सगळं संपव." मी संपवायचो. वरच्या ओठावर तुपाचा थर चिकटायचा. घामालाही तूपकट वास यायला लागला. एकदा बैठका काढता काढता ओकलो, तर वस्ताद म्हणाले, "झालं? आता पुन्हा पी." इतर पोरांना ताक-भाकर आणि मला तूप, हे का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण तुला ठाऊक आहे, माझं लक्ष कुठं ठरतं? तालमीसमोर एक तांबट आहे, तो दिवसभर ठोकत बसतो. मी त्याच्याकडं बघत प्यायचो.

मध्ये आईच्या नवसाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपण तीन वर्षं बाहेर होतो तेव्हा माझ्या आईनं, धोंडाबाईनं, वेल्ह्याच्या मेंगाईला नवस बोलला होता: पोरगं जितं घरी आलं तर त्याच्या वजनाचा गूळ. मी मार्गशीर्षात मार्गासनीला घरी पोचलो, पाय धुवायच्या आत मला विंझरच्या दुकानात नेलं आणि धान्याच्या काट्यावर बसवलं. सव्वा मण. दुकानदार म्हणाला, "आवं, ह्यो तर वाळला बोंबील." आई रडली. तेवढ्या वजनाच्या ढेपा तिथंच घेऊन माळ्यावर ठेवल्या. ही गुळाची तुला चैत्रातल्या जत्रेत करायची ठरली. आमच्या वाडीची रीत अशी की ज्याची तुला बोलली आणि पुरी झाली नाही, त्यानं ती होईपर्यंत घाट उतरून मुलूख सोडायचा नाही. उतरला तर परत येत नाही म्हणतात. मी म्हटलं, चैत्र तर चैत्र, तोवर दंडही होतील, मग साताऱ्याची वाट धरू.

चैत्रात वेल्ह्याला गेलो. पारडी देवळासमोरच्या आडव्या लाकडाला बांधलेली. मी चुकून माझा जुना सदरा नेला होता, तो घालताना काखेत टर्रकन फाटला, म्हणून उघडाच बसलो एका पारड्यात. सगळी जत्रा बघतेय आणि मी तिथं मांडी घालून, पोटाला घडी पडलेली. गुरवानं दुसऱ्या पारड्यात ढेपा रचायला सुरुवात केली. एकेक ढेप चढे तशी लोकं "मेंगाईच्या नावानं" करून ओरडत. शेवटची ढेप चढली. माझं पारडं जमिनीवरून हललं नाही. गुरवानं काठीनं हलवून बघितलं. नाही. कुणीतरी म्हणालं, "लेका, श्वास सोड की!" मी श्वास सोडला. मी जमेल तेवढा हलका व्हायचा प्रयत्न केला, बाजी, डोळे मिटून बांबूच्या टोकाचा विचार केला. गुळावर माशा बसायला लागल्या आणि मग माझ्यावर. त्यांना फरक कळत नव्हता.

गुरव म्हणाला, "बाई, आजचं वजन ते वजन. गूळ पाव मण तरी कमी पडतोय." माझी मावशी साळूबाई म्हणाली, "अगं, हितं जत्रेत गूळ ढिगानं हाय, आण की दोन ढेपा." आणि आई, जी माझ्यासाठी देवीपुढं लोळण घेते ती आई, शांतपणे पदर खोचत म्हणाली, "न्हाई. नवसाचा गूळ आयत्या टायमाला घेत न्हाईत. पुढच्या साली करू." तिचा चेहरा मी बघितला. त्यावर दुःख नव्हतं. शेताचा बांध नीट बसला की बाई जशी हात झटकते, तसा चेहरा होता.

तरी मला कळलं नाही. इतका मी शिकलेला! कळलं ते भोरला परतल्यावर, वस्ताद माझ्या नव्या गाठीकडं बघून खुशीत बोलून गेले तेव्हा. "तुझी आय बाजाराच्या दिवशी न चुकता तुपाची बुधली धाडते. निरोप एकच, पोराला सुकू देऊ नका. मल्लखांबाला तर हात लावू देऊ नका म्हनली." मी तिथंच बसलो. मी जड झालो की गूळ कमी पडणार, नवस अडणार आणि मी घाटाच्या अलीकडंच राहणार. घशाशी सगळं तूप आलं, मार्गशीर्षापासूनचं.

तसाच उठून मार्गासनीला गेलो. चालताना धाप लागली, तीही चीड. आई अंगणात घराच्या छपरावर चढायला शिडी लावत होती. मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. म्हटलं, "मी काय जत्रेचा बोकड आहे, चारून तयार करायला? देवीलाही फसवलंस आणि मलाही." तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देवीला म्या कुठं फशिवलं? तिला म्हनलं, पोरगं जितं आन. जितं ऱ्हावं असं पन म्हनलं व्हतं." आणि मग, "तू वाऱ्यानं जातोस, सावळू. वळवाच्या वाऱ्यात छपराचं गवत उडतंय म्हनून दगूड ठेवतो आमी. दुसरं काय केलं म्या?" आणि माझ्या हातात खरोखरच एक दगड दिला, वर ठेवायला. मी ठेवला. कारण ती शिडीवर चढली असती तर पडली असती. उतरलो तेव्हा पानात भात वाढलेला, त्यावर तूप. बाजी, मी ते खाल्लं. मला भूक लागली होती. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

आता तू म्हणशील, मर्दा, नवस-बिवस कसला मानतोस, रात्रीची मोटार धर आणि ये. खरं सांगतो, मी तेच ठरवलं होतं. घाट उतरल्यावर माणूस परतत नाही याची मला कसली भीती? मी परतायला कधी निघालोय? गाठोडं बांधलं. आईला निरोपही ठेवणार नव्हतो, तिनं तरी मला कुठं विचारलं होतं? दंड कमावलेत, बोटं सुटणार नाहीत, आता बांबूच्या टोकाला एका हातावर अर्धा दिवस लोंबकळेन. मालकानं मागितलं ते सगळं माझ्यापाशी होतं.

निघायच्या सकाळी मी तालमीच्या मागं एक लांब बांबू बघितला आणि डोक्यात आलं, एकदा करून तरी बघू. सोनबा माझ्या वजनाचा आहे, कुस्तीत आमची जोड लावतात. त्याला म्हटलं, "तू वर चढ, मी खालून धरतो." तो म्हणाला, "येडा हाईस काय?" पण चढला. मी बांबू तुझ्यासारखा खांद्यावर, गळ्याच्या हाडाशी टेकवला. सोनबा त्यावर कमरेएवढा चढला असेल नसेल. माझ्या हाडातून जो आवाज आला बाजी, तो मी दातांत ऐकला. डोळ्यांपुढं काळं झालं. मी बांबू सोडला, सोनबा मातीत पडला आणि मला शिव्या देत उठला. खांद्यावर अजून काळंनिळं आहे, हात वर होत नाही, म्हणून अक्षर असं. मी तालमीत कसलेला, आणि मला कमरेएवढं पेललं नाही. तू तर पूर्ण उंची पेलतोस, वर माणूस फिरत असताना.

आणि मी आलो असतो तर तू काय केलं असतंस, तेही मला दिसलं. तू मला वरून खालपर्यंत बघितलं असतंस, एक घाणेरडी शिवी दिली असतीस आणि खांदा पुढं केला असतास. मालकापुढं "जड आहे" असं म्हणाला नसतास, माझी जागा जाईल म्हणून. रोज दोन खेळ. सांगलीपर्यंत टिकला असता तुझा खांदा, फार तर कोल्हापूरपर्यंत. मग मोडलेल्या हाडाच्या माणसाला कुठली कंपनी ठेवते?

म्हणून हे पत्र. मी येत नाही. आईला वाटतंय नवसानं अडवलं, तिला तसंच वाटू दे. नवस मी ओलांडला असता, तुझ्या खांद्यावर पाय ठेवून चढता येत नाही. हे पत्र पोचताच मालकाकडं जा आणि दुसरा गडी माग, उशीर केलास तर तुझीही जागा जाईल. वेल्ह्याचा ज्ञानू गुरं राखतो, झाडावर वानरासारखा चढतो, हे पत्र टपालात टाकून लगेच त्याला तुझ्याकडं धाडतोय. काटकुळा आहे, धरायला बरा पडेल. त्याला तूप देऊ नकोस. मालकानं माझं विचारलं तर सांग, सावळ्या मेला नाही, माजलाय. आणि ज्ञानू टोकावर पोचेल तेव्हा वर बघू नकोस, मान अवघडते तुझी. मी असताना तू दर वेळी बघायचास.

तुझाच, पण आता जमिनीवरचा,
सावळा