झाडांवरचं माणूस

तायाबास
७ फेब्रुवारी १९९३

प्रिय सेल्मो,

हे पत्र कुठल्या बंदरात तुझ्या हाती पडेल ते ठाऊक नाही. पडेल तेव्हा तू धडधाकट असावास, एवढंच मागणं. आम्ही बापलेक दोघं बरी आहोत. तातय जेवतात, चिडतात, दुपारी झोपतात.

तुझा फोटो पोचला. जहाजाच्या इंजिनाशेजारी तू उघडा उभा आहेस, अंगभर तेल, डोळे तेवढे पांढरे. तातयनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "हा आपल्यातलाच दिसतो." मग भिंतीवर नानयच्या, आपल्या आईच्या, फोटोशेजारी लावला. साहेबाच्या टोपीतला पाठवला असतास तर पेटीत गेला असता.

तू इंजिनिअरच्या परीक्षेला बसणार, हे मी वाडीभर सांगितलं. तातय म्हणत होते, आधी पास होऊ दे. मी ऐकलं नाही.

इथे नवं काही नाही. तातयचा उजवा गुडघा कुरकुरतो. गेल्या महिन्यापासून ते झाडांवर जात नाहीत, खाली बसून दोर धरतात. वर दुसरं माणूस आहे. काळजी करू नकोस, माडाच्या फुलोऱ्याची एकही पोय सुकलेली नाही. दोन्ही वेळा तासली जाते, गळणाऱ्या रसाने बांबूचे नळे भरतात, माडी वेळेवर खाली येते. माणूस घरच्यासारखंच आहे. सुरुवातीला माडामाडांमधल्या बांबूच्या साकवावर फार हळू चालायचं, आता बरं चालतं. तातय खालून शिव्या देतात, त्या ऐकून घेतं.

दोन्या पिलारना अजून सांगितलेलं नाही. बाग त्यांची, झाडं कोणाकडे ठेवायची ते त्याच ठरवतात. दारूच्या भट्टीवर माडी नेहमीइतकी पोचते, म्हणून त्या विचारत नाहीत आणि आम्ही बोलत नाही.

त्यांच्याकडचं धुणं मी सोडलं. साबणाने हात सोलवटले होते.

मासे मिळतात. पाऊस नाही. इंजिनाच्या धगीतून एकदम वाऱ्यावर जाऊ नकोस, घाम आधी पूस.

तुझी ताई,
लुमिंग


तायाबास
१६ मे १९९३

प्रिय सेल्मो,

काल शेतकऱ्यांच्या संताचा, सान इसिद्रोचा दिवस झाला. मिरवणूक आपल्या गल्लीत आली तेव्हा वरच्या खिडक्यांतून चिकट भाताचे सुमान फेकले, पानात बांधलेले, अजून गरम. तातयनी हॅट उलटी धरली आणि घरी येऊन हॅटमधूनच खाल्ले. एक माझ्या कपाळावर बसला. टेंगूळ आहे.

तू विचारतोस, तो गडी कुठला, लुक्बानचा की सारियायाचा, आणि नीट वागतो का. माणूस इथलंच आहे. पीत नाही. तातयशी वाद घालत नाही, घातला तर जिंकत नाही.

गुडघ्याचं मात्र तुला पटलेलं नाही. ज्या माणसाने मोडक्या बरगडीने पोया तासल्या तो गुडघ्यासाठी खाली बसेल का, असं लिहितोस. बरोबर आहे. गुडघा नाही.

जानेवारीत एका दुपारी तातय साकवाच्या मधोमध उभे राहिले आणि पुढे पाऊल टाकेनात. मी खाली दोर धरून होते. हाक मारली. पुन्हा मारली. हाताने धरायचा वरचा बांबू दोन्ही मुठींत आवळलेला, पायाखालचा बांबू त्यांच्या थरथरीने हलत होता. पलीकडच्या माडावर शेजारच्या बागेतले बास्त्यान काका होते. ते साकवावरून तातयपर्यंत आले, पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "चल पेद्रिंग, खांद्यावर हात ठेव, मला एकट्याला भीती वाटते." तसे दोघे आले. एका माडापासून दुसऱ्यापर्यंतचंच अंतर.

खाली उतरल्यावर तातय म्हणाले, "बांबू बदलायला झालाय."

बांबू नवा होता. मी दोर गुंडाळला. बास्त्यान काका गावभर सगळं बोलतात, पण हे त्यांनी आजवर कुठे काढलेलं नाही. तूही काढू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोया तासायच्या होत्याच. त्या कोणासाठी थांबत नाहीत. दोन दिवस हात लागला नाही तर टोक सुकतं, आणि बाग सुकली की दोन्या पिलार दुसऱ्याला देतात. पोया तासल्या गेल्या.

तुझी पुस्तकं मिळाली का? तातयना आठवण करून देऊ नकोस असं म्हणालास, पण तेच मला रोज विचारतात, पोराचा अभ्यास कुठवर आला. मी म्हणते, जहाज कुठवर आलं ते तरी कुठे कळतं.

तुझी ताई,
लुमिंग


तायाबास
२२ नोव्हेंबर १९९३

प्रिय सेल्मो,

तू आणि जहाजावरची तुझी माणसं सुखरूप असाल अशी आशा. आम्ही बरी आहोत. वादळ येऊन गेलं, छप्पर राहिलं, डुक्कर राहिलं.

तुझं पत्र काल आलं. तू लिहितोस, परीक्षा सोडतो, डिसेंबरात उतरतो आणि झाडं घेतो. त्या गड्याला नाताळानंतर दुसरीकडे बघायला सांग, असंही लिहितोस. बापाची झाडं परक्याच्या हातात आहेत म्हणून तुला झोप लागत नाही.

पत्र मी तातयना दाखवलेलं नाही. आधी तुला लिहिते.

सेल्मो, परकं कोणी नाही. मी आहे.

मी "माणूस" लिहिलं होतं. "गडी" तू लिहिलास. मी दुरुस्त केलं नाही, कारण तू "उतर" म्हणाला असतास, आणि तेव्हा मी उतरले असते.

पहिल्या दिवशी तातयची विजार घातली आणि कमरेला त्यांची कोयती बांधली. ते दारात बसले होते. म्हणाले, "कुठे निघालीस?" मी म्हटलं, "कपडे वाळत घालायला." त्यांनी हॅट घातली आणि मागून आले. पहिला माड चढायला इतका वेळ लागला की तातय खालून ओरडले, "लुमिंग, नारळ पिकून पडेल तोवर!" साकवावर एक पाऊल ठेवलं आणि तिथेच थांबले. तातय पुन्हा ओरडले, "खाली बघू नकोस. खाली मी आहे, मला काय बघायचंय? चाळीस वर्षं बघतेयस." मी हसले आणि पाय पुढे गेला. त्या आठवड्यात तळपायांची सालं निघाली. बांबू पायाला काय मागतो ते मला कळत नव्हतं. आता कळतं. टाच नाही, बोटंही नाहीत, मधला खळगा. तो निबर झाला की बांबू तुम्हाला धरतो.

दुकानापुढच्या बाकावर जे व्हायचं ते झालं. बास्त्यान काका म्हणाले, "बाई माडावर चढली की माडी आंबते." मी म्हटलं, "तुमची काय गोड राहते? दुपारपर्यंत सगळ्यांचीच आंबते, म्हणून तर भट्टी आहे." मग म्हणाले, "तू वर असलीस की आम्ही बघायचं तरी कुठे?" "आपापल्या नळ्याकडे बघा. परवा तुमचा कलंडला तो कोणाच्या डोक्यावर?" तो पाद्र्याच्या डोक्यावर कलंडला होता. त्यानंतर काकांनी विषय बदलला.

ऑक्टोबरच्या वादळात साकव गेले, सगळे. माड बहुतेक उभे राहिले. नवे साकव होईपर्यंत प्रत्येक माड वेगळा चढायचा, तासायचा, उतरायचा आणि पुढचा चढायचा. संध्याकाळी जेवताना माझ्या मांड्या आपोआप उडायच्या. तातय बघायचे आणि आपल्या ताटातला मासा माझ्या ताटात सरकवायचे. म्हणायचे, "काटे फार आहेत, मला दिसत नाहीत."

बांबू आम्ही दोघांनी तोडले. वर चढवायला दोघं पुरत नाहीत. मी कोणाला विचारलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या बागेत तेच काम पडलेलं. एका सकाळी बास्त्यान काका आणि त्यांचे दोघे मेहुणे दोर घेऊन हजर. काका म्हणाले, "फुकट नाही हं, लुमिंग. जेवण पाहिजे. आणि पेद्रिंगच्या हातचं. तू झाडावर गेल्यापासून तुझा भात करपतो असं ऐकतो." तातयनी भात केला. तोही करपला.

पहिला साकव बांधून झाला. बास्त्यान काका माडाच्या शेंड्याला चिकटून बाजूला झाले. नव्या साकवावर ज्याची झाडं त्याचं पाऊल आधी पडतं, हे तुलाही माहीत आहे. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "जा की. मी काय तुझ्यासाठी फुलं आणू?"

मी मध्यावर होते तेव्हा दोन्या पिलार छत्री घेऊन बागेत आल्या. किती माड पडले ते बघायला.

"वर कोण आहे?"

खाली तातयनी हॅट डोळ्यांवर ओढली. बास्त्यान काका शेंड्यावरून म्हणाले, "पेद्रिंगचं पोर आहे, दोन्या."

"सेल्मो आला? मला कोणी सांगितलं नाही."

मला वाटलं आता तातय काहीतरी जुळवून सांगतील. मी त्यांना वेळ दिला नाही.

"सेल्मो जहाजावर आहे, दोन्या. मी लुमिंग."

"लुमिंग? धुण्याची लुमिंग?"

"हो."

"उतर खाली."

"पलीकडच्या पोया राहिल्यात. तासते आणि उतरते."

एवढं बोलून मी पुढे गेले. तासताना माझा हात हलला नाही, हे मी तुला सांगते, कारण मला ते पुन्हा पुन्हा आठवतं. पातळ काप, कागदासारखा. दुसरा. तिसरा. नळा लावला. खाली त्या ओल्या गवतात उभ्या होत्या. बाग जाणार असेल तर जाईल, पण तासलेली जाईल, असं मला वाटत होतं.

उतरले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, पायांकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"म्हणजे हे वर्षभर भट्टीवर जे आलं ते..."

"माझंच."

त्यांनी छत्री मिटली. मग म्हणाल्या, "तरीच. तरीच माझ्या चादरींना निळीचे डाग पडतात. नवी बाई अगदीच वाईट आहे." पहिल्यांदा बास्त्यान काका हसले. ते वरून हसले म्हणून जास्त मोठं ऐकू आलं. दोन्या पिलार हसल्या नाहीत. तातयकडे वळल्या. "पेद्रिंग, पुढल्या वर्षी झाडं कोणाच्या नावावर ठेवू? तुझ्या की सेल्मोच्या?"

तातयनी हॅट काढली. "जी चढते तिच्या."

एवढंच म्हणाले. मग हॅट घालून भाताकडे गेले. याआधी कोणासमोर ते माझ्याबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशीचा करपलेला भात मी दोनदा वाढून घेतला.

तर झाडं माझ्या नावावर आहेत, इल्युमिनादा या पुऱ्या नावावर. हे तुला सांगायला इतकं पत्र लागलं.

आता नीट वाच. हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. पहिला आठवडा तुझ्यासाठी होता, तातयसाठी होता, घरासाठी होता. त्यानंतरचा नाही. तू आलास तर मी धुण्याकडे परत जाईन असं तुला वाटत असेल. मी जाणार नाही. टपाच्या पाण्यात मी अर्धं आयुष्य खाली वाकून काढलं. त्या कामाला मी नावं ठेवत नाही, त्यात माझे हात चांगले होते. पण साकवावर माणसाला ताठ चालावं लागतं, नाहीतर पडतं. वरून समुद्र दिसतो हे तातयनी कधी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "कामावर असताना कोण बघतं?"

मी बघते. तासून झाल्यावर.

तू इंजिनापाशी भाजतोस, मी वाऱ्यावर चालते. दोघांच्याही अंगाला रोज संध्याकाळी घरात बसवत नाही इतका वास येतो. तातयना दोन्ही वास ओळखीचे आहेत. आपल्यातला एक कमी झाला तर ते कोणाचा फोटो कोणाशेजारी लावणार? परीक्षेला बस. पास हो किंवा नापास हो, पण बस.

(संध्याकाळी पुढे लिहिते.) तुझं पत्र शेवटी तातयना वाचून दाखवलं, आणि हेही. सगळं ऐकलं. साकवाचं तुला मे महिन्यातच लिहिलं होतं, तेही सांगितलं. उजवा गुडघा चोळला. मग म्हणाले, "बास्त्यानला खरंच भीती वाटत होती." आणि म्हणाले, "त्याला लिही, नाताळाला ये. झाडांसाठी नको, जेवायला ये."

तेच मीही लिहिते. ये. मी दारात वाट बघत उभी नसेन, त्या वेळी कामावर असेन. पण नव्या साकवावरून रस्ता चर्चच्याही पलीकडे दिसतो. तू आलास तर तातयच्या आधी मला दिसशील.

तुझी ताई,
इल्युमिनादा