कोटाच्या भिंतीजवळ

कोपरखैरणे,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुधीरदादा,

नमस्कार. आई माझ्याकडेच आहे, थोडंफार जेवते. माझ्या मनस्वीची दहावी तोंडावर आलीय, तरी ती आजीला सोडून उठत नाही. पत्र तुझ्या निशांतच्या हाती पाठवतेय, कारण माझा फोन तू उचलत नाहीस.

बाबांच्या तेराव्याला तू लोकांना सांगत होतास, "त्या कोटाचं वेडच होतं त्यांना."

वेड नव्हतं रे. उरणच्या आपल्या डोंगरावर राजाचा कोट होता, हे त्यांनी आजोबांकडून ऐकलं होतं. समुद्रातून शत्रू आला तेव्हा राजा गलबतात बसून निघून गेला. मागे राहिलेल्या रयतेने दरवाजे लावून घेतले आणि ती आत उपाशी मेली. पुढे कोटाचे चिरे गावातल्या घरांना लागले, मिठागरांच्या बांधांना लागले. बाबा म्हणायचे, "राजाचं सगले सांगतान. आत मेली त्यांना कोन हाय?"

भरावासाठी तो डोंगर कापायचं काम तू घेतलंस आणि त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. जानेवारीत तुझ्याच पोकलेनने कोटाच्या पायाची भिंत उघडी पडली. भिंतीलगत हाडं निघाली, कितीतरी माणसांची. बाबा तिथेच बसून रडले. बेलापूरच्या सरकारी कचेरीतले साहेब ती भिंत आणि हाडं सोमवारी पाहायला येणार होते.

तू सुरुंग रविवारी उडवलास.

बाबा वर आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, असं तू पोलिसांना सांगितलंस. दादा, काल तुझा सुपरवायझर गोटीराम आला होता. मान खाली घालून म्हणाला, "ताई, मी शेठला फोन केलेला. बोललो, बाबा भिंतीजवळ बसलेत, उठत नाहीत. शेठ बोलले, शिट्टी मार, घाबरून उतरतील."

आईने सगळं ऐकलं. मग सांगितलं, त्या सकाळी चहा पिताना बाबा तिला म्हणाले होते, "मी वर हाय तवर सुदीर सुरुंग नाय लावनार. पोर माजाच हाय."

परवा गोटीराम खरा जबाब द्यायला जाणार आहे. आई आणि मी त्याच्यासोबत असू. त्याआधी तू स्वतः जाऊन सांगितलंस, तर आईला पोटच्या पोराविरुद्ध तोंड उघडावं लागणार नाही. तुझ्याकडे एवढंच मागते.

पत्राच्या शेवटी दरवेळी आईचे आशीर्वाद लिहिते. आजही तिला विचारलं. ती काही बोलली नाही.

तुझी बहीण,
नमिता