मालतीच्या कपाळावरचे ठिपके

बुऱ्हाणपूर,
डिसेंबर १९५६

रा. रा. दिगंबरराव यांस,

बुऱ्हाणपुराहून विनायकचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरला असल्याने आठांपैकी सहाच अंगे जमिनीला लागली आहेत, उरलेली दोन आपण वडीलकीने मानून घ्यावीत). आमच्याकडे सर्व क्षेम, म्हणजे कोणी अंथरुणाला खिळलेले नाही इतकेच. आपला दमा, वहिनींची पाठ आणि दसऱ्याच्या दिवशी जन्मलेला आपला नंदकुमार, या तिघांची खुशाली कळवावी. नंदकुमारला तीन पुरी होऊन चौथे लागले, म्हणजे आता तो दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवून तिचे नाव विचारत असेल. त्याला किड्यांपासून दूर ठेवावे. असे का म्हणतो ते पुढे येईलच.

गेल्या एक नोव्हेंबरपासून आपण मुंबई राज्यात गेलात आणि आम्ही भोपाळच्या हाताखाली आलो. आपण नागपुरात तिथेच, आम्ही तापीकाठी इथेच, कोणी चटई गुंडाळली नाही की भांडी बांधली नाहीत, तरी आता आपल्यात राज्याची हद्द आहे. (पूर्वी आमच्या शाळेचे अर्ज नागपूरला आपल्याच कचेरीत हरवत. आता ते भोपाळला हरवतील. आपल्याकडे हरवले म्हणजे घरच्याच माणसाकडे आहेत असा एक दिलासा असे.) बसल्या जागेवरून न हलवता माणसाला दुसरीकडे नेऊन ठेवता येते, हे मला तेव्हा नवल वाटले होते. आता वाटत नाही, कारण माझ्या भुंगेऱ्याचे नेमके तेच झाले आहे, आणि त्याच्यापायी आपल्या भगिनीने माझ्याशी बोलणे टाकले आहे. नवल वाटण्याइतकी ताकदही आता उरलेली नाही.

भुंगेऱ्याची हकीकत आपल्याला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असेल, पण मी थकलेला माणूस आहे आणि थकलेल्या माणसाला पहिल्यापासूनच सांगता येते. तीन वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता, गिरणीच्या गुदामात काम करणारा माझा मित्र सुकलाल काड्यापेटीत एक मेलेला भुंगेरा घालून घेऊन आला. कापसाच्या गाठीत सापडला म्हणाला. आपल्याकडे गाठ म्हटली की शाहपुराकडची किंवा खकनारकडची, असे मी धरून चाललो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, घरी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि असा भुंगेरा माझ्याजवळच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता (माझ्याजवळ दोन पुस्तके आहेत). मी महिना दीड महिना त्याच्यावर वाकून बसलो. त्या दिवसांत घरात कोण आले, कोण गेले, मला काही ठाऊक नाही. स्वतःच भात शिजवून खाल्ल्याचे एकदोनदा पुसट आठवते, तेही करपल्यामुळे.

अखेर मी त्याचे वर्णन लिहिले, आणि ते एका प्राणिशास्त्राच्या मासिकात चक्क छापून आले. लांबी अंगठ्याच्या नखाएवढी. शरीर चपटे. वर्ण काळा, तिरपा धरल्यास जांभळट. मान आखूड, बूड रुंद. पाठीवरच्या कडक पंखांवर खड्ड्यांच्या ओळी, पोटाखाली विरळ पिवळे केस. मिशा गाठीगाठींच्या, त्यातली डावी थोडी वाकडी. डोक्यावर एक बुटके शिंग, आणि शिंगाच्या पायथ्याशी, बरोबर कपाळावर, एकाखाली एक दोन ठिपके, एक पिवळा आणि एक तांबडा. जगात कोणत्याही भुंगेऱ्याच्या कपाळावर असे ठिपके नाहीत. नवी जात ठरली ती या ठिपक्यांच्या जोरावर. आणि हळदकुंकू लावलेला तो जीव पाहून मला वाटले की याला आपल्या घरच्या सवाष्णीचेच नाव शोभेल. म्हणून त्याचे नाव मी मालती ठेवले. (लॅटिनमध्ये त्याला एक शेपूट लागते, ते सोडून द्या.)

यात माझा हेतू चांगला होता हे आपण तरी मान्य कराल. पण इथल्या वाचनालयाने माझा सत्कार केला, त्यात माझ्या लेखाचा मराठी गोषवारा वाचायची जबाबदारी नसत्या उत्साहाने चिटणिसांनी घेतली. आपली भगिनी पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात, आजूबाजूला गल्लीतल्या सगळ्या बायका. चिटणिसांनी घसा साफ करून सुरुवात केली की मालती, वर्ण काळा, मान आखूड, बूड रुंद, हात लावल्यास मेल्याचे सोंग घेत असावी. पुढचे कोणाला ऐकू आले नाही. त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे भाजीत मीठ नसे. पण हळूहळू ती निवळली, आणि पुढे मला असेही दिसले की कोणी पाहुणी आली की ती त्या छापील मासिकाची घडी डब्यातून काढून दाखवते, वर्णनाच्या भागावर अंगठा ठेवून, नुसते नाव.

आणि आता गेल्या महिन्यात विलायतेहून पत्र आले. तिथल्या एका संग्रहालयातले साहेब दक्षिण अमेरिकेतल्या भुंगेऱ्यांचे एक अख्खे घराणे नव्याने तपासून मांडत होते. माझा भुंगेराही त्यांनी पाहायला मागवला होता आणि मी तो कापसात गुंडाळून मोठ्या अभिमानाने पाठवला होता. साहेब सभ्य आहेत. सभ्य माणसाने मान कापली की ती पडल्याचे आपल्याला जरा उशिरा कळते. ते लिहितात की हा भुंगेरा ब्राझीलमधला आहे, तिथे तो हवा तेवढा मिळतो, आणि शंभर वर्षांपूर्वी एका फ्रेंच गृहस्थाने त्याला नाव दिलेले आहे. शरीर जन्मतः चपटे नसून गाठ दाबण्याच्या यंत्राने चपटे झाले आहे. डावी मिशी वाकडी नसून कोणीतरी खळ लावून उलटी चिकटवली आहे. (ते खरे आहे. ती मोडली होती. तेव्हापासून घरातली खळीची वाटी आपल्या भगिनीच्या ताब्यात असते.) आणि कपाळावरचे ठिपके स्पिरिटच्या बोळ्याने पुसले असता निघून आले, तपासाअंती दोन्ही हळदीचे निघाले, एकात चुना मिसळून तांबडा रंग आणलेला. शास्त्राचा नियम असा की आधीचे नाव तेच खरे, तेव्हा मालती हे नाव रद्द समजावे. शेवटच्या ओळीत कळवतात की नमुना नर आहे.

मी सुकलालकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "अहो मास्तर, ती गाठ परदेसीच होती ना. तुम्ही पूछलंच नाही."

आता ठिपक्यांचे. मी शिक्षक आहे, पुराव्याशिवाय बोलत नाही. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते, आणि ती दरवर्षी आपली भगिनी करते. विळी, पाटावरवंटा, शिवणाचे यंत्र, माझी सायकल, माझा सूक्ष्मदर्शक, सगळ्यांना हळदकुंकू, फूल, अक्षता. मी या प्रकारात पडत नाही, कुंकवाचा करंडा मी आयुष्यात हाती धरलेला नाही. त्या साली नवमीला भुंगेऱ्याची पेटी उघडी राहिली असणार, आणि हिने भक्तिभावाने त्याच्याही कपाळाला बोट लावले असणार. एका बोटाने नवी जात जन्माला आली आणि एका बोळ्याने मेली. हिशोब सरळ आहे.

हे तिला सांगायचे कसे, या चिंतेत माझे बरेच दिवस गेले. नाव गेले हे सांगायचे, आणि तुझ्याच हाताने गेले हेही सांगायचे. एका संध्याकाळी ती चुलीवर भरताचे वांगे भाजत होती, तेव्हा धीर करून सगळे सांगितले. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडले, मग मिटले, वांगे फिरवले आणि म्हणाली, "असंल बाई." मी ताबडतोब क्षमा केली. मनातून वाईट वाटत होते, पण केली. इथेच थांबलो असतो तर आज सुखात असतो. पण शिकवायची सवय वाईट. मी तिला आधीच्या नावाचा तो नियमही समजावून सांगितला.

ती म्हणाली, "म्हंजे पहिलं नाव असंल तेच खरं?"

मी म्हटले, होय.

"मागून कितीबी शिकलेल्या मानसानं दुसरं ठेवलं तरी?"

मी म्हटले, तरीही.

"मंग मी धुरपदा हाये," असे म्हणून तिने वांगे उतरवले.

आता आपल्याला आठवत असेलच, लग्नात ताटातल्या तांदळात मी अंगठीने मालती असे लिहिले होते. धुरपदा हे आपल्या आजीचे नाव, ते मला त्या वयात फार जुने वाटले. पण खरे सांगायचे तर ते मालती नाव घरात कोणी वापरलेच नाही. माझ्या आईला ती सूनबाई, शेजारणींना मास्तरीणबाई, आणि मला "अगं". तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले, त्यानंतर ते नाव मी पहिल्यांदा लिहिले ते भुंगेऱ्याच्या चिठ्ठीवर. आता ती मालतीला ओ देत नाही, आणि "अगं" हे काही नाव नव्हे म्हणून त्यालाही देत नाही. स्वयंपाक वेळेवर, कपडे धुतलेले, मीठ बरोबर, पण घरात माझ्या हाकेला उत्तर नाही. भुंगेरा गेला त्याचे दुःख मला झाले, पण ते पेलते. हे पेलत नाही.

तरी आपण थोरले बंधू या नात्याने तिला दोन शब्द लिहावेत, की शास्त्राच्या वस्तूंना कुंकू लावू नये, लावल्यास नवऱ्याला सांगावे, आणि त्याने एवढ्या मोठ्या मनाने क्षमा केल्यावर रुसू नये. वहिनींना नमस्कार, नंदकुमारला आशीर्वाद. फार लिहिले, हात दुखला.

आपला,
विनायक

ता. क. वरचे दोन शब्द लिहिले नाहीत तरी चालेल. खरे काम वेगळे आहे. संक्रांतीला इकडे या आणि माझ्या देखत तिला एकदा त्या नावाने हाक मारा. हेल कुठे द्यायचा, शेवटी आवाज चढवायचा की सोडायचा, हे मला कळत नाही. मी या घरात कोणत्याच बाईला नावाने हाक मारलेली नाही. सायकलवर जाताना, नदीवर, वर्गात मुले नसताना मला ते स्वच्छ म्हणता येते. उंबऱ्याशी आलो की जीभ जड होते. काल संध्याकाळी अंगणातून प्रयत्न केला, निम्मे निघाले आणि बाकीचे खोकल्यात गेले. तिने ऐकले नाही, हे बरेच झाले.

आणखी ता. क. हे पाकीट चिकटवायला तिच्याकडेच द्यावे लागते, कारण खळ. पण काळजी नसावी, ती दुसऱ्याची पत्रे वाचत नाही.

दादास नमस्कार. वाचलं. खंडेनवमीला मी इथं कुठं होते? नंदूच्या वेळी वहिनींपाशी तुमच्या घरी होते ना महिनाभर. निघताना यांना सांगून गेले की हत्यारं तुमची आहेत, यंदा पूजा तुम्हीच करा, चुकवू नका. परत येऊन बघते तर सायकलच्या घंटीला कुंकू, कपाटाच्या कुलपाला कुंकू, यांच्या चष्म्यालासुद्धा. मग त्या भुंगेऱ्यालाच कसे सोडतील. यांना काही आठवत नाही आणि मी आठवण देणार नाही. स्वतःच्या हातून गेलं असं कळलं तर जेवण टाकतील. माझ्या हातून गेलं म्हणून क्षमा केली, तर त्या दिवशी भरीत दोनदा मागून घेतलं. तुम्हीही बोलू नका. संक्रांतीला जरूर या, तिळगूळ करते. पण हाक मारून दाखवू नका. काल अंगणातली मला ऐकू आली होती, अर्धी. ऐकलं नाही असं केलं. पुरी येऊ दे, मग ओ देईन.
धुरपदा