बंबाची चोरी आणि तिचा दर्जा

कांगास लेक, उत्तर मिनेसोटा
१५ ऑक्टोबर १९८६

चि. मिर्या हिस इम्पीआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. सेंट पॉलची हवा तुला मानवली, हे वाचून बरं वाटलं. माझं मात्र डोकं ठिकाणावर नाही. रविवारी मी प्रार्थनेला गेले असताना कोणीतरी तळ्याकाठच्या सॉनाचं, आपल्या फिनिश वाफेच्या न्हाणीघराचं, कुलूप तोडलं आणि आतला तांब्याचा बंब उचकटून नेला. तुझ्या आजोबांनी मिशिगनची खाण सोडताना त्याचा पत्रा बरोबर आणला होता. हा सॉना बांधल्यावर त्यांनी तो स्वतः ठोकून बंब केला. पासष्ट वर्षं त्यातल्याच पाण्यानं आम्ही अंग धुतलं. आता तिथे भिंतीतून नळीचं एक तोंड तेवढं बाहेर आलंय.

शेरीफचा माणूस येऊन गेला. घरातून काय गेलं, असं त्यानं तीनदा विचारलं. घरातून काहीच गेलं नाही, असं मी तीनदा सांगितलं. ताज्या कॉफीबरोबर वेलदोड्याच्या पुल्ला पावाचे दोन तुकडे खाऊन तो गेला.

तू चोरांना आत घालणारी सरकारी वकील. या माणसाला काय शिक्षा होईल, ते नीट समजावून लिही. नुसतं काळजी करू नकोस असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

तुझी आत्या


सेंट पॉल
२१ ऑक्टोबर १९८६

ती. इम्पीआत्या,
सा. न. वि. वि.

वाचून जीव तुटला. लहानपणी त्या बंबाला पाठ टेकून भाजून घेतलेली मीच.

आता ऐक. आमच्या राज्यात घरफोडीचे चार दर्जे आहेत. माणूस घरात असताना कोणी शिरला, किंवा हत्यार घेऊन शिरला, किंवा आत कोणाला मारलं, तर पहिला दर्जा. त्याला वीस वर्षांपर्यंत कैद. राहतं घर, पण आत कोणी नाही, तर दुसरा, दहा वर्षांपर्यंत. दुकान, कोठार अशी न राहती इमारत चोरीसाठी फोडली, तर तिसरा, पाच वर्षांपर्यंत. चौथा किरकोळ हेतूनं शिरणाऱ्यांचा, एका वर्षापर्यंत. काय नेलं याआधी कुठे शिरला हे पाहतात. माणसाला सर्वांत जास्त धास्ती स्वतःच्या घरात परका शिरण्याची असते, म्हणून ही उतरंड.

तुमच्या काउंटीचे सरकारी वकील सॉनाला राहतं घर ठरवून दुसरा दर्जा लावतील असं वाटतं. लावू दे. कडक कलम लावलं की चोर गुन्हा कबूल करून तडजोडीला येतो. हे मी रोज करते.

दाराला नवं कुलूप घाल. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी मिर्या


कांगास लेक
१८ नोव्हेंबर १९८६

चि. मिर्या, अ. उ. आ.

चोर सापडला, आणि सापडला नसता तर बरं, असं मला झालंय. डुएन पेट्रिच. मागच्या वर्षी माझं धुराडं साफ करायला आला होता तो. वय एक्केचाळीस, खाणीतून कमी केल्याला दोन वर्षं झाली. बंब भंगारात विकायला गेला, तर भंगारवाल्यानंच शेरीफला कळवलं. तोवर बंब चेपून सपाट झालेला होता. मला ओळखायला बोलावलं. मी ओळखला.

त्याच्यावर खरोखरच दुसरा दर्जा लावलाय. मी वकीलसाहेबांना विचारलं की सॉना राहतं घर कसं झालं? ते हसून म्हणाले की बाई, तुमच्याच भल्याचं आहे. माझं भलं मला न विचारता करणारी माणसं मला आवडत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. त्यानं बंब नेला, मला लुबाडलं, त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण माझ्या घराचा उंबरा त्यानं ओलांडला नाही. न केलेल्याची पाच वर्षं त्याच्या गळ्यात का?

आता जे लिहिते ते वाचून रागावू नकोस. ऑगस्टमध्ये घराचं छप्पर नवं केलं, तेव्हा मी एकोणीस रात्री सॉनात झोपले होते. तुला कळवलं नाही, कारण तू मला हॉटेलात नेऊन ठेवलं असतंस. छपरवाल्यानं हे वकिलांना सांगितलंय. ते आता मला साक्षीला उभं करणार. इकडे सगळे म्हणतात की झोपले नाही म्हणून सांग, प्रश्न मिटेल. डुएनची बहीणही रडून तेच म्हणून गेली. काय करू?

तुझी आत्या


सेंट पॉल
२५ नोव्हेंबर १९८६

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

रागावले आहे. साठी ओलांडलेल्या बाईनं फळीवर एकोणीस रात्री! असो.

झोपलीस, तर झोपले म्हणूनच सांगायचं. शपथेवर खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मला तुरुंगात पुल्ला घेऊन यायची हौस नाही. कायदा तात्पुरतं राहण्याचं ठिकाणही राहतं घर धरतो, त्यामुळे तुझ्या खऱ्या बोलण्यानं डुएनचं नुकसान होऊ शकतं, हेही लपवत नाही. पण सरकारी वकील विचारतील तेवढंच सांगून थांबू नकोस. ऑक्टोबरमध्ये तिथे काय होतं, हेही डुएनच्या वकिलानं विचारलं तर सांग. निवाडा ज्यूरीनं करायचा आहे, तू नाही.

खरं सांगू, तुझं पत्र वाचून मी चिडले ते फळीसाठी नाही. मी कडक कलम लावू दे म्हणाले होते, ते आठवून.

मिर्या


सेंट पॉल
२० फेब्रुवारी १९८७

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

तू मला पाहिलं नाहीस, पण मंगळवारी मी कोर्टात शेवटच्या बाकावर होते. चार तास बर्फातून गाडी हाकत आले आणि न भेटता परतले, कारण भेटले असते तर रडले असते, आणि सरकारी वकिलानं कोर्टात रडू नये.

वकिलांनी विचारलं की सॉनात झोपला होतात का, तर तू मोठ्यानं एकोणीस रात्री म्हणालीस. समोर डुएनच्या बहिणीनं तोंड झाकलं. तुझा जन्म तिथलाच का, घर होईपर्यंत आईवडील दोन हिवाळे तिथेच राहिले का, यालाही तू हो म्हणालीस. वकील खूश होऊन बसले. मला वाटलं, संपलं.

मग डुएनच्या वकिलानं ऑक्टोबरचं विचारलं. तू सांगितलंस की गादी एक सप्टेंबरलाच उचलून शेडमध्ये टाकली, कपडे, भाकरी, टपाल सगळं घरात. शेवटी त्यानं विचारलं की तुम्ही सॉनाला घर म्हणाल का? तू म्हणालीस की तिथून माणूस स्वच्छ होऊन निघतो, आणि निघून जिथे जातो ते घर. ज्यूरीतल्या फिनिश म्हाताऱ्यानं मान हलवली, ती मी पाहिली.

तीन तासांनी ज्यूरी आली. दुसऱ्या दर्जात निर्दोष, तिसऱ्यात दोषी. आत्या, दोन्ही बाजूंना नको असलेलं खरं बोलणारा साक्षीदार सहा वर्षांत मी पाहिला नव्हता. माझी छाती फुगली होती.

काल माझ्या टेबलावरची एक फाइल उघडली. घरापासून सुटं गॅरेज, आत नुसती अवजारं, आणि मीच दुसरा दर्जा लावलेला. तो तिसरा केला. साहेबांनी कारण विचारलं. मी कायद्याचं कारण दिलं, आणि बाहेर येऊन तुझं नाव घेतलं.

तुझी, तुझ्यावरून मिरवणारी
मिर्या


कांगास लेक
१६ एप्रिल १९८७

चि. मिर्या, अ. उ. आ.

चोरून येऊन चोरून गेलीस. हा कितवा दर्जा?

काल शिक्षा सुनावली. आधी न्यायाधीशांनी मला बोलायचं का विचारलं. मी उभी राहिले. म्हणाले की बंब माझ्या वडिलांनी ठोकला होता, तो परत येणार नाही, आणि मी माफ केलेलं नाही, हे लिहून घ्या. पण जेवढं नेलं तेवढंच त्याच्या पदरात घाला, हेही लिहून घ्या.

पाच वर्षं देखरेखीखालचं प्रोबेशन, चार महिने काउंटीचा तुरुंग, आणि भरपाई. डुएनला बोलायला सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला की बंब गाडीत मावेना म्हणून त्यानंच घणानं चेपला, आणि चेपताना हातोडीचे जुने ठोके दिसत होते. ते ठोके माझ्या वडिलांचे. शिक्षा योग्य झाली, तरी हे दुखायचं राहणार नाही.

को-ऑप दुकानात निम्मे लोक मी मवाळ म्हणून बोलत नाहीत, उरलेले मी कडक म्हणून. मी खरेदी करते आणि मान वर करून येते.

निघताना कोर्टाची लेखनिक मुलगी धावत आली. माझं आडनाव कसं लिहायचं, असं विचारत होती. शाळेतल्या बाईंनी मॅकेलामधल्या दोन्ही a वरचे ठिपके पुसले, त्याला साठ वर्षं झाली. खाणीच्या कचेरीनं वडिलांचेही कधी दिले नाहीत. मी तिला सांगितलं की दोन्ही a वर दोन-दोन ठिपके, चारही हवेत. तिच्या यंत्रावर ते नव्हते, म्हणून तिनं पेन काढलं आणि माझ्यासमोर हातानं दिले.

उन्हाळ्यात ये. जशी आहेस तशीच ये.

तुझी आत्या
इम्पी मॅकेला