चिमूटभर भीती

नदीकाठचा नाका, ता. एटापल्ली
६ जुलै २०२४

ती. वच्छलाआत्याबाईस,
खुशबूचा सविनय जय भीम, वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. कंडक्टरने ते आपल्या सीटखाली ठेवलं होतं आणि बस आलापल्लीपासून गळत आली, म्हणून सुमती दहिवलेंची ‘ओली पायरी’ मला चुलीजवळ वाळवून वाचावी लागते आहे. निम्मं पुस्तक झालं, अजून एक मुडदा नाही. तुला या बाईंचं एवढं काय कौतुक, देव जाणे. एक बाई भर दुपारी तांदूळ निवडत बसते आणि आपण घाबरायचं! मला आपले भा. रं. चिमूरकर बरे. त्यांच्या ‘तिसऱ्या खुंटी’त पहिल्याच पानावर विहिरीतून हात वर येतो.

वनरक्षक म्हणून रुजू होऊन महिना झाला. नाक्यावर आम्ही चौघं आहोत. त्यातला राजदीप तुझ्याच बाजूचा, कोळशाच्या पट्ट्यातला. फारसा बोलत नाही, पण पुस्तकं मागून नेतो. मोबाइलला नदी ओलांडल्याशिवाय रेंज नाही, तेव्हा पत्रांवरच भागवायचं. तू तिकडे भद्रावतीला एकटी, हे सारखं मनाला लागून राहतं. पुस्तकाच्या नादात भाजी करपवू नकोस.

आता आपली चिमूट. तूच घालून दिलेला नियम पाळते आहे: पत्राच्या शेवटी चिमूटभर भीती, वाचणारीने दहापैकी गुण द्यायचे, आणि खरं की रचलेलं हे एकमेकींना कधी विचारायचं नाही. तर परवा गस्तीहून परतताना मी सहज मागे वळून पाहिलं. चिखलात आमची पावलं उमटली होती. आम्ही चौघं, आणि पावलं पाच जणांची. पाचवी अनवाणी होती आणि माझ्याच मागे येत होती. आत्याबाई, हा खेळ नाही. हे खरंच घडलं.

गुण कळव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
खुशबू

*

भद्रावती
१४ जुलै २०२४

चि. खुशबूस,
आत्याचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

पाच पावलं वाचली. सहा गुण. अनवाणी पाय आता फार झाले गं, चिमूरकरांनी त्यांचा पार भुगा करून ठेवला आहे. पण शेवटी ‘हा खेळ नाही’ म्हणालीस, तिथे माझ्या मानेवरून काहीतरी सरकल्यासारखं झालं. त्याचा एक गुण वेगळा देते. पोरगी हळूहळू तयार होते आहे.

दहिवलेबाईंना नावं ठेवू नकोस. रात्री कुणीही घाबरतं. उजेडात, हातात सूप असताना, शेजारीण अंगणात कपडे वाळत घालत असताना जी बाई मला घाबरवते ती खरी लेखिका. पुस्तक शेवटपर्यंत वाच, मग भांड.

इकडे सगळं ठीक. हे गेल्यापासून घर मोठं वाटायचं, पण हल्ली शेजारच्या नूतनच्या दोघी पोरी शाळा सुटली की गोष्ट ऐकायला येऊन बसतात. थोरली मोनाली कानावर हात ठेवते आणि बोटांच्या फटीतून ऐकते, अगदी तुझ्यासारखी. नूतन कुरकुरते की आत्या, पोरी भितात ना, कशाले सांगता. पण ती स्वतःही दाराशी उभी राहून ऐकते.

घे माझी चिमूट, भर दुपारची. मधल्या खोलीत लोटा आडवा झाला की आपणहून घरंगळत पश्चिमेच्या कोपऱ्यात जाऊन थांबतो. लिंबू ठेवलं, तेही तिथेच गेलं. दोऱ्याचं रीळही गेलं. कोपऱ्यात कुणीतरी हात पसरून बसलं आहे आणि घरातली एकेक वस्तू मागून घेतं आहे. काल मी तिथे उभी राहिले, तर माझाही तोल त्याच बाजूला गेला.

जिवाला जप. मला विसरू नकोस.

तुझी,
आत्याबाई

*

नाका, ता. एटापल्ली
२४ जुलै २०२४

ती. आत्याबाईस,
सविनय जय भीम, वि. वि.

हरले. नऊ गुण! दहावा फक्त पुढच्या पत्रासाठी राखून ठेवला आहे. लोट्याचं मी नाक्यावर वाचून दाखवलं, तर भैयाजी साहेबांनी, म्हणजे आमच्या वनपालांनी, हातातला चहाचा पेला उचलून आधी जमिनीचा उतार पाहिला आणि मगच खाली ठेवला. राजदीप तेव्हा रजेवर होता, त्याची मजा हुकली.

‘ओली पायरी’ संपवली आणि तुझी माफी मागते. शेवटच्या प्रकरणात ती बाई तांदूळ निवडता निवडता थांबते, बस, एवढंच. आणि मी दुपारी दोन वाजता दाराला कडी लावून घेतली. आता त्यांचं दुसरं काही असेल तर पाठव. बदल्यात चिमूरकरांचा नवा संग्रह पाठवते आहे. त्यातली पिंपळाची कथा सोडून दे, फसली आहे.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. नदी पुलाला लागली आहे. सध्या आमचं काम म्हणजे वाहून आलेली लाकडं मोजणं आणि मोजे वाळवणं.

मला पुढचं कळू दे. कोपऱ्यातलं ते काय आहे, खाली किती खोल बसलं आहे, लोट्यावर भागत नाही तेव्हा काय मागतं? मध्येच सोडलंस तर याद राख. माझी चिमूट या वेळी नाही, तुझ्यापुढे काय लिहू!

ओढ वाढते आहे, ती कमी करू नकोस.

तुझी,
खुशबू

*

भद्रावती
२ ऑगस्ट २०२४

चि. खुशबूस,
आत्याचा सप्रेम जय भीम.

नऊ गुणांनी मूठभर मांस चढलं. नूतनला पत्र दाखवलं, तर ती म्हणाली की तुम्ही आत्या-भाची दोघीही येड्या आहात. चिमूरकर मिळाले. पिंपळाची कथा तू नको म्हणालीस म्हणून आधी तीच वाचली, आणि फसलीच आहे.

बरं, पुढचं ऐक. मधल्या खोलीचं दार आता लागत नाही. चौकट वाकली आहे, जणू कुणी खालून पाय ओढतो आहे. फरशीत भेग पडली आहे, तिच्यात चार आण्यांचं नाणंसुद्धा सहज उभं राहील. त्या भेगेवर हात धरला तर गरम हवा लागते, आणि विझलेल्या शेगडीसारखा वास येतो. एवढा पाऊस पडतो आहे, अंगणात तळं साचायला हवं, पण पाणी साचतच नाही, कुठे जातं कळत नाही. हापशी भर आषाढात कोरडी पडली. आणि दुपारी जेवून आडवी झाले की जमिनीच्या पोटात कुणीतरी जड काही खाली ठेवल्याचा आवाज होतो. आधी लांब व्हायचा. आता उशीखाली होतो.

खरं सांगू, या वेळी लिहिताना मीच दोनदा मागे वळून पाहिलं. दहावा गुण द्यायलाच लागेल तुला. पुराच्या पाण्यात शहाणपणा करू नकोस, तुझी काळजी वाटते.

लोभ धरून राहा.

तुझी,
आत्याबाई

*

नाका, ता. एटापल्ली
९ ऑगस्ट २०२४

ती. आत्याबाई,
जय भीम.

हे पत्र जिथे उभी राहून वाचत असशील, तिथून घराबाहेर पड. चप्पल नाही सापडली तरी चालेल. पुढचं बाहेर जाऊन वाच.

तुझं पत्र काल संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे खूश. राजदीप मात्र मध्येच उठला आणि त्याने ते माझ्या हातातून ओढून घेतलं. त्याने विचारलं की बाई, तुमच्या आत्याच्या घराखाली जुनी खाण आहे का. मी म्हटलं की ही गोष्ट आहे. तो म्हणाला की हे गोष्ट नाई, आमचं घर असंच गेलं. आधी दार अडलं, मग भेग पडली, मग गरम वाफ आली, मग हापशी आटली. खालचा कोळसा कधीच काढून नेलेला, वर फक्त माती उरलेली, पावसाने तीही भिजून जड झाली. ते सगळे चुलतबहिणीच्या लग्नाला गेले होते म्हणून वाचले. परत आले तर घराच्या जागी खड्डा, आणि त्यात त्यांच्या म्हशीचा आवाज येत होता. हे सांगताना त्याने पत्र इतकं घट्ट आवळलं की ते फाटलं.

आत्याबाई, मी तुला गुण दिले. तू सांगत होतीस आणि मी आणखी सांग, आणखी सांग करत होते. रात्रभर मला तेच ऐकू येत होतं.

‘हा खेळ नाही’ हे वाक्य मी उगाच वापरून संपवलं. आता खरं सांगायची वेळ आली तर माझ्याकडे दुसरं वाक्य नाही. बाबासाहेबांची शपथ घेते, तुझ्या भावाची, माझ्या बापाची शपथ घेते. नूतनताईला आणि पोरींनाही बाहेर काढ. त्यांचं घर तुझ्या भिंतीला लागून आहे. विहाराच्या मैदानात जा, शाळेत जा, कुठेही जा.

पूल पाण्याखाली आहे, वायरलेस भिजून बंद पडला. आमच्यातला चौथा, पत्रू, डोंगीतून एका बाळंतिणीला पलीकडे नेतो आहे, तिसऱ्याला जागा नाही. मी त्याच्या पाया पडले. हे पत्र तो टाकेल, आणि रेंज येताच तुला फोन करेल. त्याचं ऐक. पाणी उतरलं की मी पहिल्या गाडीने निघते.

मला फक्त तू हवी आहेस.

खुशबू

*

भद्रावती
१३ ऑगस्ट २०२४

चि. खुशबूस,
आत्याचा सप्रेम जय भीम आणि साष्टांग दंडवत!

पोरी, तू मला मागे टाकलंस. दहाच्या वर गुण असते तर तेही दिले असते. तीस वर्षं मी हे वाचते आहे, पण हातात पत्र धरून अंगणात पळत गेले असं कधी झालं नव्हतं. अनवाणी उभी होते गं मी, चिखलात! मग सगळं लक्षात आलं आणि एकटीच हसत सुटले. शेजारची कुत्रीसुद्धा बघत राहिली.

केवढी कारागिरी! माझाच लोटा, माझीच भेग घेतलीस आणि तिच्याखाली आख्खी खाण खणलीस. भूत नाही, मुडदा नाही, नुसती माती. दहिवलेबाईंनी वाचलं असतं तर तुझी पाठ थोपटली असती. आणि खड्ड्यातली ती म्हैस! शपथाही घातल्यास, आधीचं वाक्य संपल्याचं कबूल करून टाकलंस, म्हणजे वाचणारीला शंका घ्यायला जागाच नको. कळस म्हणजे तो पत्रू. काल पत्र वाचून होतंय तोच त्याचा फोन आला. रडवेल्या आवाजात विचारत होता की आत्या, अजून घरात काऊन बसल्या. मी त्याला म्हटलं, लेका, नाटकात जा. फोन कट झाला, नाहीतर त्यालाही गुण दिले असते.

एकदाच नियम मोडते, कारण तू खरंच काळजी करशील. भेग आहे, लोटाही घरंगळतो. पण पावसात जुनी घरं बसतातच. मुखरू गवंडी पाहून गेला, पोळ्यानंतर सिमेंट भरून देतो म्हणाला. खाण होती ती रेल्वेच्या पलीकडे, आपल्या वस्तीखाली कुठली! भेग थोडी वाढली आहे एवढंच, कालपासून हात आत जातो.

पत्र वाचून रडलेही मी. मला फक्त तू हवी आहेस, असं कुणी मला फार दिवसांत म्हटलं नव्हतं. ते तरी रचलेलं नसेल, असं मी धरून चालते.

तुझं पत्र एकटीने वाचून संपवणं म्हणजे पाप. नूतनच्या पोरींना संध्याकाळी बोलावलं आहे, त्यांच्या चार मैत्रिणीही येतात म्हणाल्या. मधल्या खोलीत मोठी सतरंजी अंथरली आहे, भेगेच्या अगदी काठाशी, म्हणजे वाचताना पोरींच्या पायांना खालची गरम हवा लागेल. भजी करते आहे. खाली जागा सोडली आहे, वाचून झालं की त्यांचे गुण तिथे लिहून हे पत्र उद्या सकाळी पेटीत टाकते.

तुझी वाट पाहते आहे.

तुझी,
आत्याबाई